भोंगामावशीचं रक्त कुठलं?

“एकच खूण? मग आईला कुठे घालू? बापाने काय मला एकट्यानेच काढलं?”

“मावशी, ओरडू नका. बीपी आधीच एकशे सत्तर आहे,” डेपोचा डॉक्टर म्हणाला. वयाने मावशीच्या धाकट्या लेकाएवढा.

त्याच्या फॉर्मवर तीन चौकटी होत्या: डोंगरातले, खाडीकाठचे, मैदानातले. कुठल्या लोकांच्या रक्तात बीपी जास्त, ते बघायला मोठ्या दवाखान्याने ड्रायव्हरांचं रक्त गोळा करायचं काढलं होतं. मावशीचा बाप खाडीकाठचा, आई डोंगरातली. नवरा मैदानातला, पण त्याचं रक्त आपल्यात येत नाही, एवढं तिला कळत होतं. डोकं मात्र त्याच्याच पायी तापतं, असं तिचं म्हणणं.

डॉक्टरने आपल्या हाताने बापाच्या चौकटीत खूण केली. खाडीकाठच्यांना म्हणे एक ठरावीक गोळी लागू पडते. ती लिहून दिली.

मावशी सव्वीस वर्षं बस चालवत होती. हॉर्नला हात लावायची नाही. खिडकीतून अशी आरोळी ठोकायची, की पुढचा टेम्पो आपोआप कडेला. म्हणून ती भोंगामावशी. वाघाला न भिणारी ही बाई भ्यायची चौकशीच्या खिडकीला. तपासणीत तीनदा बीपी जास्त निघालं, की ड्रायव्हरला तिथे बसवायचे. आज दुसरी खेप होती.

महिनाभर गोळी खाल्ली. पायांचे भोपळे झाले, चपला शिरेनात. गल्लीतल्या दवाखान्यात मोजून घेतलं, तर बीपी जागचं हललेलं नव्हतं.

“वरून मीठ घेतेस ना रोज, म्हणून,” नवरा शिलाई मशीनवरून बोलला. “बरणी कुलपात ठेवू का?”

“ठेव. आणि किल्ली तोंडात धर. तेवढीच घराला शांतता.”

तिसऱ्या खेपेला डॉक्टरने मोजायचा पट्टा बाजूलाच ठेवला.

“मावशी, रक्ताचा रिपोर्ट आलाय. चूक माझी. तुमचं शरीर मीठ धरून ठेवतं, ते जनुकातच आहे. पण तसली माणसं तिन्ही चौकटींत निघाली. कुठे चार जास्त, कुठे चार कमी. एकाच चौकटीतल्या दोघांत केवढा तरी फरक! मी चौकट बघून गोळी दिली.”

“एवढं शिकून हे कळलं होय? आम्ही सख्ख्या बहिणी, तिला लोणी पचतं, मला ताक बाधतं. नळावर विचारलं असतंस तर फुकट सांगितलं असतं.”

“आज मोजत नाही, आधी गोळी बदलतो. पंधरा दिवस बस नाही, वरचं मीठ नाही. मग मोजू, आणि जे निघेल ते लिहीन.”

“जास्त निघालं तर?”

“तर खिडकी.”

मावशीने पंधरा दिवस अळणी गिळलं. रोज पहिल्या घासाला नवऱ्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. त्याने मान खाली घालून काजं केली; सुई बायकोच्या हाताच्या टप्प्यात होती.

सोळाव्या दिवशी आकडा आला एकशे चौतीस. डॉक्टरने “चालवण्यास योग्य” लिहिलं, खाली “दर महिन्याला तपासणी” जोडलं.

“गोळी लागू पडली, मावशी.”

“गोळीला मिरव खुशाल. जीभ माझी मेली.”

कागद घेऊन ती थेट फलाटावर गेली. बदली ड्रायव्हरने सीट पार मागे ढकलून ठेवली होती. त्याच्या लांब तंगड्यांना एक शिवी हासडून तिने ती पुढे ओढली, आरसा वळवला, आणि नऊ-वीसची गाडी बाहेर काढली.