इकडे-तिकडे पाहण्याची सवय

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितली नाही. ती विचारायची, "रेणापूरला एवढं काय काम होतं?" आणि मी विषय बदलायचो. इतकी वर्षं टाळलं. आता लिहितो.

भूकंपानंतर लातूरच्या एका कार्यालयात मी अव्वल कारकून होतो. पडलेल्या घरांचे पंचनामे यायचे आणि आमचे कारकून ते मोठ्या नोंदवह्यांत उतरवून घ्यायचे. सकाळी खाली गेलेली मान संध्याकाळीच वर यायची. ‘मान मोडून काम करतो’ ही तिथली सर्वांत मोठी शाबासकी, आणि ती द्यायचो मी, सगळ्यांचा ‘भाऊसाहेब’.

त्यात रेणापूरचा एक कारकून होता. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, अक्षर सुरेख. त्याची मान आखडली, हाताला मुंग्या येऊ लागल्या. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं म्हणून त्याने टेबलावर उतरती फळी बसवली. वही डोळ्यांसमोर आली. पाय टेकायला खाली विटा ठेवल्या. दर अर्ध्या तासाने तो उठायचा, मान हळूच डावीकडे, मग उजवीकडे फिरवायचा, तळहात कपाळाला लावून त्यावर डोकं दाबायचा. दोन मिनिटांत पुन्हा कामाला.

"काय हो, कपाळ धरून काय करता? नशीब तपासायलात का?" शेजारचा कारकून विचारायचा.

"नशीब न्हाई, नस तपासायलो," तो हसायचा.

एकदा साहेब फिरत आले आणि ती फळी पाहून थांबले. "छान आहे. कुणाची कल्पना?"

"माझीच, साहेब. भाऊसाहेबांचीबी मान लई दुखती. त्यांना म्हणलं, एक फळी करून देतो, पण ते ऐकतच न्हाईत."

सगळे हसले. साहेबही. "ऐका की, भाऊसाहेब." मीही हसलो. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, काळजी होती. मला मात्र एवढंच दिसलं की माझ्या हाताखालचा माणूस साहेबांपुढे मला शिकवतो.

दोन महिन्यांनी गोपनीय अहवाल लिहायचे आले. मसुदा माझा, सही साहेबांची. त्याचा बढतीचा नंबर लागत होता. बढती मिळाली असती तर दिवसभर वाकून लिहिणं सुटलं असतं, मान वाचली असती. हे मला ठाऊक होतं. शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं : ‘कामाच्या वेळी वारंवार जागेवरून उठण्याची व इकडे-तिकडे पाहण्याची सवय आहे.’

एकही शब्द खोटा नव्हता. साहेबांनी गठ्ठ्यातच सही केली.

असा शेरा संबंधिताला कळवावा लागतो. ते पत्र घेऊन तो माझ्याकडेच आला.

"भाऊसाहेब, हे कुणी लिहिलं असंल?"

"वरून आलंय," मी फाइलमध्ये पाहत म्हणालो.

"हरकत घेऊ का?"

"कशाला साहेबांना चिडवता? राहू द्या."

"तुम्ही हायत म्हणून निदान इचारता तरी येतं," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याने फळी घरी नेली. त्यानंतर तो मधे उठला नाही.

निवृत्तीनंतर मी मुलाकडे नांदेडला आलो. क्लासेसचं पेव फुटलं होतं. अशाच एका क्लासमध्ये प्रवेशाचे अर्ज संगणकावर भरायचं काम धरलं. वर्षभरात माझीच मान धरली, करंगळी बधिर झाली. फिजिओथेरपी करणाऱ्या मुलीने संगणकाचा पडदा डोळ्यांच्या रेषेत आणायला लावला, पाय टेकून बसा म्हणाली, अर्ध्या तासाला उठा म्हणाली.

"आजोबा, हनुवटी मागं घ्या. अजून. दोन हनुवट्या दिसल्या तरी कुणी हसत नाही."

मग तिने माझा तळहात माझ्या कपाळाला लावला. "आता डोकं दाबा." मी हात खाली घेतला.

"दुखलं का?"

"नाही."

"आधी केलाय का हा व्यायाम?"

"पाहिलाय," मी म्हणालो.

त्याच आठवड्यात एसटीने रेणापूर गाठलं. तो कारकून म्हणूनच निवृत्त झाला होता. मानेला पट्टा. बाजूला पाहायचं तर अख्खा वळायचा. मला पाहून त्याला कोण आनंद झाला! माझ्या पाठीला स्वतःच्या हाताने उशी लावली. माझी मान दुखते म्हटल्यावर बोलला, "तवा ऐकलं असतं तर?" आणि मलाच व्यायाम समजावू लागला.

चहा आला. त्याने सहज विचारलं, "भाऊसाहेब, तो वरचा कोण होता, कधी कळलं का?"

"नाही," मी म्हणालो.

"जाऊ द्या. बिचाऱ्याला काय माहीत, माझी मान दुखती म्हणून."

बोलायला जमणार नाही या भीतीने मी एक चिठ्ठी लिहून नेली होती. ती खिशातच राहिली. तो स्टँडपर्यंत सोडायला आला, तेव्हाही. गेल्या वर्षी तो गेल्याचं कळलं. चिठ्ठीत एवढंच होतं : ‘तो शेरा मी लिहिला. तुमची मान दुखते हे माहीत असून लिहिला. मला माफ करा.’