मधून कोणी चालत नाही

आम्ही हॉलमध्ये जमिनीवर दुपारचं जेवायला बसलो होतो तेव्हा घरमालकाचा मुलगा सुताराला घेऊन आला. अंबरनाथ पश्चिमेला, स्टेशनपासून दहा मिनिटांवर ते घर. आठ वर्षं आम्ही तिथे भाड्याने राहत होतो. त्याने बेल वाजवली, पण दार उघडंच होतं म्हणून कुणी ये म्हणायची वाट पाहिली नाही. सुताराने टेप काढली आणि हॉलची भिंत मोजायला लागला. कपाट कुठे बसेल, टीव्ही कुठे लागेल, असं दोघांचं चाललं होतं. टेपचं टोक माझ्यापाशी आलं तेव्हा मुलगा म्हणाला, "ताई, जरा पाय आत घ्या."

मी पाय आत घेतले.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. उल्हासनगरच्या बाजारात मला ओळखणारा माणूस यावर विश्वास ठेवणार नाही. तिथले कापडवाले मला येताना बघून भाव आधीच चढवून ठेवतात, कारण मी तो उतरवणार हे त्यांना ठाऊक असतं. भांडले मी नंतर. आधी पाय आत घेतले, तोंडातला घास गिळला, मग उठले आणि इतकी बोलले की सुतार टेप तिथेच टाकून जिन्यात जाऊन उभा राहिला. ओटा मी माझ्या खर्चाने केला होता, खिडक्यांना जाळ्या मी लावल्या होत्या, गळका नळ आठ वर्षांत त्यांच्या कुणी येऊन पाहिला नव्हता. मुलाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला की त्याचं लग्न ठरलंय, करार दोन महिन्यांनी संपतोय आणि आता तो वाढवायचा नाही. त्याचं काही चुकलं नव्हतं. घर त्याचं होतं. मला राग त्याचाच आला.

राग ओसरल्यावर खाली भीती होती. दोन महिने. मुलगी दहावीत जाणार होती. मी भाकरीचा तुकडा मोडून ठेवून भिंतीकडे बघत बसले. सुताराने पेन्सिलीने तिथे एक रेघ मारून ठेवली होती.

माझे मिस्टर एका कारखान्यात मशीन दुरुस्तीचं काम करतात. शांत माणूस. त्यांचं म्हणणं, बदलापूरला भाड्याने घर बघू, तिकडे नव्या बिल्डिंगींमध्ये रिकामे फ्लॅट पडलेत. "भाड्याचं नाही आवडलं तर उठून निघता येतं," ते म्हणाले.

"उठून निघता येतं की उठवून काढतात?"

मला मात्र त्या दिवसापासून एकच धरून बसायचं होतं, की आता जे घर असेल ते माझं असेल, आणि त्यात माझे पाय मी पसरीन.

पैसे होते, पण नव्या टॉवरला पुरतील इतके नव्हते. ते कसे जमले ते थोडक्यात सांगते. लग्न होऊन आले तेव्हा मी घरी बसून जीन्सचे सुटे धागे कापायची. नगावर पैसे मिळायचे. धागे कापता कापता शिलाई शिकले, मग एक मशीन घेतलं, मग दुसरं. तोवर उल्हासनगरात तळमजल्यावर भाड्याचा गाळा झाला होता, सात मशीनं आणि आठ बायका. हे सगळं मी घासाघीस करून उभं केलं. कर्ज काढून बदलापूरला टॉवरमध्ये राहायचं आणि रोज गाळ्यावर यायचं, हे गणित मला पटेना. गाळ्याच्याच भागात घर मिळालं तर चालत जाता येईल. तिथे जुन्या इमारतींमध्ये घरं निम्म्याने स्वस्त मिळतात. का स्वस्त मिळतात ते आमच्याकडे लहान पोराला पण ठाऊक असतं. दर एक-दोन वर्षांनी कुठेतरी स्लॅब पडतो, आणि वरचा पडला की खालचे सगळे घेऊन जातो. मग आठ दिवस लोक वर बघत झोपतात. नंतर विसरतात. मी पण विसरणाऱ्यांतलीच.

एजंटने आम्हा तिघांना दाखवलेला फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर होता. मालक खाजगी शिकवण्या घेणारे मास्तर, पन्नाशीचे. घर स्वच्छ होतं. हॉलला फॉल्स सीलिंग, त्यात गोल छोटे दिवे. खिडकीखाली कॉटवर त्यांची आई उताणी पडलेली होती आणि त्या दिव्यांकडे बघत होती. माझी मुलगी पंख्याखाली, हॉलच्या बरोबर मध्ये जाऊन हात पसरून गोल फिरली आणि म्हणाली, "माझं टेबल इथे."

मी माझं काम सुरू केलं. लिफ्ट नाही, पार्किंग नाही, बाथरूमच्या फरशा जुन्या. तोंड वाकडं करत मी दोन लाख कमी करा म्हणाले. मनात होतं की ते वीस हजार सोडतील, मी दारापर्यंत जाईन, ते बोलावतील, मग पन्नासवर जमेल.

"ठीक आहे," मास्तर म्हणाले.

एजंटने लगेच टोकनचा विषय काढला. मुलीने माझा हात दाबला. मी मात्र पर्स उघडली नाही. वीस वर्षं मी भाव करतेय. समोरचा रडतो, शपथा घालतो, मुलाबाळांचं नाव घेतो, अपमान करतो. एका शब्दात दोन लाख सोडणारा माणूस मी पाहिला नव्हता. बाजारात कापडवाला असा पटकन खाली आला की मी ताग्याची घडी मोडते आणि कापड उलटं करून बघते. दोष सुलट्या बाजूला कधी नसतो.

मास्तरांना उद्या कळवते म्हणाले आणि मिस्टरांना नि मुलीला घरी पाठवलं. एजंट खाली चहा प्यायला गेला. मी जिन्यात उभी राहिले. या घराची उलटी बाजू कुठली? मला कळायला थोडा वेळ लागला. या घराचं छत म्हणजे वरच्या घराची जमीन. मी एक मजला वर चढले.

वरचं दार एका म्हाताऱ्या सिंधी बाईंनी उघडलं. पाणी किती वाजता येतं ते विचारायचंय, घर बघायला आलेय, असं मी हिंदीत सांगितलं. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मग म्हणाल्या, "आ बेटा. चप्पल उतार, और दीवार के साथ-साथ आना."

मला वाटलं, फरशी ओली असेल. फरशी कोरडी होती. सोफा, कपाट, शिलाई मशीन, देव्हारा, सगळं चारी भिंतींना चिकटवून मांडलेलं होतं. मधला भाग पूर्ण रिकामा, आणि त्या रिकाम्या जागेच्या कडेने प्लास्टिकच्या चार कुंड्या, जशा रस्त्यावर खड्ड्याभोवती विटा ठेवतात तशा. एका कडेला फरशांमध्ये बोटभर फट होती. मी नीट पाहिलं तेव्हा कळलं की जमीन मध्ये खाली गेलीय. फार नाही, ताटाचा मध्य कडेपेक्षा खाली असतो तेवढी.

"बीच में कोई नहीं चलता," बाई म्हणाल्या. "तीन साल हो गए. आदत पड़ जाती है."

पाणी साडेपाचला येतं, हेही त्यांनी सांगितलं. मी विचारलं होतं ना.

तेवढ्यात त्यांची नात शाळेतून आली. सहा-सात वर्षांची असेल. तिने दप्तर सोफ्यावर फेकलं आणि गाणं गुणगुणत, पाठ भिंतीला घासत, आडवी आडवी चालत स्वयंपाकघरात गेली. खाली बघितलं नाही, थांबली नाही. जसं दुसरं मूल खांबाला वळसा घालून जाईल तशी. फाटलेल्या जमिनीपेक्षा मला त्या मुलीची जास्त भीती वाटली. माझ्या मुलीचं टेबल त्या कुंड्यांच्या बरोबर खाली आलं असतं.

मी खाली उतरले ती भांडायच्या तयारीने. दार वाजवलं नाही, ढकललं. मास्तरांना म्हणाले की वर जाऊन आलेय, आता या दिव्यांच्या वर काय लपवलंय ते तुम्ही सांगा. लोकांची पोरं काय फुकट आलीत का, असंही म्हणाले. आणखीही बरंच. ते खुर्चीवरून उठले नाहीत.

"ताई, ते गिऱ्हाइकासाठी नाही लावलं," माझं संपल्यावर ते म्हणाले. "आई तडा बघत पडून राहायची. तिला झोप लागावी म्हणून लावलं."

मी विचारलं, मग विकता कसं?

"मला बदलापूरला भाड्याने जायचंय. डिपॉझिट कुठून आणू?"

कॉटवरून म्हातारीने मान न वळवता विचारलं, "यांना पण नको का रे?"

भांडणात शेवटचा शब्द माझा असतो, ही माझी ख्याती. त्या दिवशी मी चप्पल हातात घेऊन जिना उतरले आणि रस्त्यावर आल्यावर घातली. मनात आलं, त्या इमारतीत जोरात पाऊल पडायला नको.

घरी मी फक्त नको म्हणाले. मुलीने कारण विचारलं, मी ओरडले. मिस्टरांनी विचारलंच नाही. माझा चेहरा त्यांनी पाहिला असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे गाळा उघडला. शटर वर केलं, ट्यूबलाइट लावली आणि सहा वर्षांत पहिल्यांदा मान वर करून बघितलं. छताला जीन्सचा निळा भुसा लोंबत होता. झाडू घेऊन तो काढला तर खाली तपकिरी डाग, आणि डागात दोन बोटं रुंद जागी गंजलेली सळई उघडी. माझ्या डोक्यावर तीन मजले होते. त्या प्रत्येक घरात लोक मधून चालत होते की कडेने, मला ठाऊक नव्हतं. डागाच्या बरोबर खाली कापडाच्या कडा शिवायचं ओव्हरलॉकचं मशीन, त्यावर बसणारी पोर पाच महिन्यांची गरोदर.

बायका यायच्या आत मी एकटीने तीन मशीनं भिंतीकडे ओढली. हात सोलले. आल्यावर त्यांनी विचारलं, तेव्हा मी म्हणाले, तिकडे उजेड बरा आहे. खोटं इतकं सहज तोंडातून आलं की मास्तरांचे गोल दिवे आठवले.

आमच्यात एक मावशी आहेत. धागा कसा कापायचा ते मला त्यांनी शिकवलं, आता माझ्याकडे काज-बटणाला बसतात. त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "उजेड तर मध्येच जास्त आहे. मध्ये काही पुरलंस की काय?" बायका हसल्या. मावशी हसता हसता वर बघायला लागल्या, आणि बघत राहिल्या.

मग मी सांगितलं. मास्तरांचं घर, कुंड्या, ती लहान मुलगी, सगळं. मशीनं थांबली. गरोदर पोरीने पोटावर हात ठेवला. कुणी ओरडलं नाही, मला शिव्या घातल्या नाहीत, आणि त्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मावशी म्हणाल्या, "माझ्या घरी पण तसंच आहे ग. आणि आमच्या खोलीत भिंतीला लागून चालायला जागा तरी कुठे आहे?"

मी त्या आठवड्यात काम बंद ठेवलं. शोधून शोधून अंबरनाथच्या हद्दीला लागून पत्र्याची एक शेड मिळाली. वर आभाळ, मध्ये फक्त पत्रा. घरासाठी साठवलेल्या पैशांतले निम्मे तिच्या डिपॉझिटला, वायरिंगला आणि सामान हलवण्यात गेले. उन्हाळ्यात ती भट्टीसारखी तापते आणि बायका मला ऐकवतात. ऐकते. मावशींच्या घराचं मात्र मी काही करू शकले नाही. त्या रोज संध्याकाळी तिथेच जातात, आणि सकाळी शटर उघडताना त्या येताना दिसेपर्यंत माझं लक्ष रस्त्याकडे असतं.

राहायला आम्ही बदलापूरला आलो, कुळगावच्या बाजूला, भाड्याने. मिस्टर म्हणाले तसंच झालं, पण त्यांनी ते एकदाही बोलून दाखवलं नाही. हे घर बघायला गेले तेव्हा मी आधी वरच्या मजल्यावर गेले. तिथल्या बाई पोळ्या लाटत होत्या. परक्या बाईने येऊन तुमच्या हॉलमधून एक चक्कर मारू का विचारल्यावर त्या घाबरल्या. मी मधून चालले, दोनदा. मग खाली येऊन भाड्यावर भाव करायला बसले. घरमालकीण निवृत्त नर्स, जिभेची माझ्यापेक्षा तिखट. पाऊण तास झाला तरी बाई एक रुपया सोडेनात. म्हणाल्या, घ्यायचं तर घ्या, नाहीतर जिना दाखवते. मला इतका धीर आला की मी आणखी काही न बोलता सही केली.

करार अकरा महिन्यांचा आहे. मास्तरांचं घर विकलं गेलं की नाही, मला माहीत नाही. त्या गल्लीतून जावं लागलं तर मी वर बघत नाही. खिडकीत नवे पडदे दिसले तर काय करायचं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मुलीचं टेबल हॉलच्या मध्ये, पंख्याखाली आहे. तिने तिथेच मांडलं आणि मी मांडू दिलं. दुपारी आम्ही जमिनीवर जेवायला बसतो. परवा बेल वाजली, पाण्याचा जार घेऊन माणूस आला होता. मिस्टर दार उघडायला गेले. मी ताटाकडे पाहिलं, तर माझे पाय आधीच आत घेतलेले होते.