आत्याच्या ओळीचं उत्तर

माझी भाची स्पॅनिशमध्ये गाते. हे मी एका जुन्या सहकाऱ्याला फोनवर सांगितलं तेव्हा त्याने विचारलं, "गोव्याला असते का?" ती विरारजवळच्या वटार गावात असते. केळी आणि चाफ्याच्या वाडीत, तिचे वडील ज्या घरात जन्मले त्याच घरात. गोव्यात पोर्तुगीज होते, स्पॅनिश नव्हते, हे मी त्याला सांगितलं नाही. आयुष्य वर्तमानपत्रात काढलेल्या माणसाला ते माहीत असायला हवं.

तिचं स्पॅनिश इतिहासातून आलेलं नाही, नोकरीतून आलेलं आहे. आमच्याकडची पुष्कळ मुलंमुली प्रवासी जहाजांवर कामाला जातात. हीही हॉटेलचं शिक्षण संपवून गेली. कॅरिबियन समुद्रात फिरणाऱ्या जहाजावर प्रवाशांच्या खोल्या आवरायच्या, चादरी बदलायच्या, असं काम. राहायच्या खोलीत सोबत दोन मुली, एक कोलंबियाची, दुसरी डॉमिनिकन. दोघींना इंग्रजी बेताचं येत होतं, म्हणून हिला स्पॅनिश शिकावं लागलं. कामावरून सुटल्यावर त्या ज्या गाण्यांवर नाचायच्या ती रेगेटॉनची होती. एकच ठेका सतत फिरत राहतो आणि गाणारा त्यावर अर्धं बोलत, अर्धं गात जातो. ती परत आली तेव्हा तिच्याकडे ती भाषा होती आणि तो ठेका होता.

माझी बहीण, म्हणजे तिची आई, पुढच्या जहाजाची वाट पाहत होती. मुलगी मागच्या खोलीच्या भिंतींना गाद्या उभ्या करून, खिडकी बंद करून गाणी तयार करत होती. चादरींना इस्त्री करण्यावर एक गाणं, जहाजाच्या गोल खिडकीतून दिसणाऱ्या पाण्यावर एक. ज्या देशांच्या मुलींबरोबर तिने काम केलं होतं त्या देशांत ती गाणी इंटरनेटवरून ऐकली जाऊ लागली. ऐकणारे विचारायचे, तू पनामाची का? तिने बरेच दिवस उत्तर दिलं नाही. शनिवारी संध्याकाळी ती कळंबच्या समुद्रकाठी एका रिसॉर्टवर गायची. तिथे सुट्टीला आलेल्यांना शब्द कळत नसत, पण ठेका ओळखीचा असे.

पुढे काही बोलणी येतील. आमच्या घरची बोली कागदावर उतरवली की खोटी दिसते, म्हणून ती साध्या मराठीत देतो.

त्या घरात भाचीची आत्याही राहते. ती माझ्या बहिणीची मोठी नणंद. लग्न केलं नाही. मुलांचं ऐकून तीही मला मामाच म्हणते. आमच्या ख्रिस्ती गावांत लग्नाच्या आदल्या दिवशी, मांडवाच्या संध्याकाळी, बँड लावून विहिरीवर पाण्याला जातात. त्या पाण्याने नवरानवरीला अंघोळ घालायची. जाताना बायका गातात. एक बाई ओळ सुरू करते, बाकीच्या तीच ओळ परत म्हणतात, तेव्हा ती पुढची ओळ घेते. वटारमध्ये तरुणपणापासून ओळ सुरू करणारी बाई म्हणजे ही आत्या. तिचा आवाज गोड नाही. बँडच्या वरून ऐकू जातो.

एका चुलतभावाच्या लग्नाच्या व्हिडिओतून भाचीने आत्याची पहिली ओळ कापून घेतली. विहिरीला हाक मारणारी, लग्नाच्या अंघोळीसाठी पाणी मागणारी. ती ओळ तीनदा येते, मग ठेका सुरू होतो, मग भाचीचं स्पॅनिश. हे गाणं तिच्या आधीच्या सगळ्या गाण्यांपेक्षा जास्त पसरलं. पनामाचा प्रश्न बंद झाला. आता लोक विचारू लागले, ती म्हातारी कोण?

मुंबईतल्या एका संगीत कंपनीने तिला बोलावलं. त्यांना हे गाणं नीट ध्वनिमुद्रित करून नव्याने काढायचं होतं, त्यामागे आणखी काही गाणी, आणि जिथे तिचे ऐकणारे होते त्या देशांचा दौरा. सगळं या एका गाण्यावर उभं होतं. आवाज आत्याचा, म्हणून आत्याची लेखी संमती हवी होती. त्याच सुमारास जहाजाच्या एजंटचा फोन आला. जागा आहे, येणार की नाही ते लवकर कळवा. गाणं निघालं तर ती गायिका होणार होती, नाहीतर पुन्हा चादरी.

संमतीचा कागद वाचून द्यायला मला विरारहून बोलावलं गेलं. कागदात गैर काही नव्हतं. दुपार होती, आत्या ओटीवर बसून चाफा निवडत होती. भाचीने लॅपटॉप आणून तिच्या कानांवर हेडफोन चढवला. आत्याने ते गाणं तोवर नीट ऐकलं नव्हतं; लोक तिला येऊन सांगायचे, ती हसायची. आता ती ऐकत राहिली, हात मात्र चाफ्यात चालू होते. दुसऱ्या वेळी ओळ आली असावी तेव्हा हात थांबले. तिने हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"आवाज माझाच आहे," ती म्हणाली.

"मग कुणाचा घेणार?" भाची म्हणाली.

"आणि बाकीच्या बायका कुठं गेल्या? जेवायला?"

"त्यांचं कापलं. मागे कुणाच्या तरी गाडीचा हॉर्न वाजत होता. आणि आत्या, ते ठेक्यात बसत नव्हतं."

"मग मला कापायचं होतंस."

तिने चाफ्याची पाटी पुढे ओढली. कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. "मी सही करणार नाही," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता.

बहिणीला वाटलं, कारण उघड आहे. "मांडवाची ओळ नाचाच्या गाण्यात घातली, म्हणून ना? मी हिला सांगितलं होतं."

"नाच काय वाईट?" आत्या म्हणाली. "पाण्याला जाताना आम्ही काय चर्चमध्ये मिस्साला उभ्या राहतो तशा असतो? तू तर बँडपुढे असायचीस. अजून सांगतात."

बहीण आत चहा करायला गेली. भाचीने आत्याच्या मांडीवरचा हेडफोन उचलला. मग तिने लॅपटॉप बंद केला.

मला कारण कळलं होतं, कारण ते मी पाहिलेलं होतं. बहिणीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी काही सामान पोहोचवायला मी या घरी आलो होतो. त्या काळात या घराचा आणि शेजारच्या वाडीचा पाण्याच्या पाटावरून वाद चालू होता. कुणी कुणाचं पाणी अडवलं हे आता सांगून उपयोग नाही. दोन्ही बाजू अजून वेगवेगळं सांगतात. शेजारच्या वाडीच्या बायका मांडवाला आल्या, कारण न येणं फारच उघड झालं असतं. पाण्याला निघाल्यावर आत्याने पहिली ओळ म्हटली. त्या बायका हाताची घडी घालून चालत राहिल्या. घरच्या दोघीतिघींनी तोंड उघडलं, पण बाकीच्या गप्प पाहून त्याही थांबल्या. आत्याने तीच ओळ पुन्हा म्हटली. कुणी नाही. तिसऱ्यांदा म्हटली.

आमच्याकडे ओळीला उत्तर आल्याशिवाय पुढे जात नाहीत. उत्तर नाही याचा अर्थ या लग्नाला माणसं नाहीत. नवरदेव, म्हणजे माझे होणारे भावजी, खाली पाहत उभे होते. तेव्हा बँडमधल्या ट्रम्पेटवाल्याने वाद्य तोंडाला लावलं आणि आत्याची ओळ जशीच्या तशी परत वाजवली. आत्याने त्याच्याकडे पाहिलं आणि दुसरी ओळ घेतली. विहिरीपर्यंत आणि परत, सगळ्या ओळींना ट्रम्पेटने उत्तर दिलं. पुढे वाद मिटला, जाणंयेणं सुरू झालं. त्या संध्याकाळबद्दल माझ्यासमोर कधी कुणी बोललं नाही.

भाचीने तीन ही संख्या ठेक्याच्या सोयीने घेतली होती. पण त्या दुपारी हेडफोनमधून आत्याला जे ऐकू आलं ते तेच होतं. तिचा आवाज, पाठोपाठ तीनदा, आणि मध्ये कुणी नाही.

भाची मला रस्त्यापर्यंत सोडायला आली तेव्हा मी तिला हे सांगितलं. रिक्षा आल्यावर ती म्हणाली, "तीनदा?"

"तीनदा."

"आणि ट्रम्पेट कुठल्या सुरात होता?"

ते मला आठवत नव्हतं.

पुढच्या रविवारी मिस्सानंतर तिने अंगणात बायका जमवल्या आणि आंब्याच्या फांदीला माइक बांधला. शेजारच्या वाडीतूनही बायका आल्या. त्यांतली एक सर्वांत थोरली होती. त्या संध्याकाळी हाताची घडी घातलेल्यांत ती होती. फाटकातच थांबून ती म्हणाली, "आता बोलावलंस होय उत्तर द्यायला?"

"उशीर झालाय," आत्या म्हणाली, "पण ये. तुझी खुर्ची उन्हात आहे."

आत्याने दोन ओळी म्हटल्या. बायकांनी उत्तर दिलं, सगळ्या एका सुरात नव्हत्या. भाचीने तसंच ठेवलं. आता गाण्यात आत्याच्या दोन ओळी, प्रत्येकीला बायकांचं पूर्ण उत्तर, मग ठेका, असं झालं. पहिल्यापेक्षा सुरुवात बरीच लांबली.

आत्याने ऐकून मान हलवली, पण सही केली नाही. "आधी तुझ्या कंपनीला विचार," ती म्हणाली. कंपनीचं म्हणणं आलं की जुनंच बरं. हल्लीचे ऐकणारे इतका वेळ थांबत नाहीत, ठेका लगेच यायला हवा. भाचीने कळवलं, जुनं देता येणार नाही. मग त्यांचा माणूस म्हणाला, शनिवारी तू कळंबला गातेस ना, तिथे लोकांसमोर गा. लोक थांबतात का ते मी पाहतो.

म्हणून त्या शनिवारी आम्ही कळंबला गेलो. सुरूच्या झाडांत दिव्यांच्या माळा, प्लास्टिकच्या खुर्च्या, मागे समुद्र. आत्या तांबडं लुगडं नेसून आली होती. तिच्या शेजारी मी, पलीकडे कंपनीचा माणूस. वयाने माझ्या निम्मा, सभ्य, हातात फोन. भाचीने आधी आपली नेहमीची गाणी म्हटली, लोक नाचले. मग तिने यंत्र बंद केलं. बायकांचं ध्वनिमुद्रित उत्तर आणि आत्याचा आवाज दोन्ही बंद. आत्याची ओळ तिने स्वतः म्हटली. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. तिचा आवाज आत्यासारखा नाही, पण ओळ बरोबर होती.

आणि ती थांबली.

लोकही थांबले. पुढच्या रांगेत कुणीतरी म्हणालं, "साउंड गेला वाटतं." दोघेतिघे फोन उंच धरून उभे राहिले. भाचीने तीच ओळ पुन्हा म्हटली आणि पुन्हा थांबली. समुद्राचा आवाज येत होता. कंपनीच्या माणसाने घड्याळ पाहिलं. मी आत्याकडे पाहिलं नाही.

तिसऱ्यांदा ओळ आली तेव्हा आत्याने बसल्या जागेवरून उत्तर दिलं. मी तिला ओळ सुरू करताना इतकी वर्षं ऐकलं होतं, उत्तर देताना कधीच नाही. ती बँडवरून ऐकू जाणाऱ्या आवाजात गायली, त्यामुळे पुढच्या रांगांतले लोक वळून पाहू लागले. काय करायचं ते त्यांच्या लक्षात आलं. भाचीने ओळ आणखी एकदा दिली. या वेळी बऱ्याच लोकांनी ती परत म्हटली, शब्द जमतील तसे. मग तिने दुसरी ओळ घेतली, तिलाही उत्तर आलं, आणि मग ठेका सुरू झाला.

"सुरात कुणी नव्हतं," आत्या मला म्हणाली. "पण दिलं."

कार्यक्रम संपल्यावर कंपनीचा माणूस भाचीशी बोलला. उत्तर राहू दे, तो म्हणाला, पण जरा लहान करता येईल का? भाची म्हणाली, आत्याला विचारा. तो खरोखरच आला आणि आत्यापुढे वाकून हिंदी-मराठीत म्हणाला, "आंटी, वो जवाब थोडा छोटा केला तर?"

"किती छोटा?"

"आधा."

"तुमच्यात अर्धं लग्न लावतात का?" आत्याने विचारलं.

तो हसला. मग त्याने फोन खिशात ठेवला आणि म्हणाला, ठीक आहे, पूर्ण.

गाणं पूर्ण उत्तरासह निघालं. जुन्याइतकं ते पसरलं नाही, हे नोंदवायला हवं. पण कंपनीने बाकीचे करार पाळले, आणि जहाजाच्या एजंटला भाचीने नाही कळवलं.

सही आत्याने त्याआधीच, कळंबहून परतल्यावर दुसऱ्या दिवशी केली होती. कागद पुन्हा मीच नेला. पेन हातात घेऊन ती भाचीला म्हणाली, "तिकडे गाशील तेव्हा उत्तर कोण देणार?"

"लोकांना शिकवीन."

"लोकांना नंतर. आधी त्यांच्यातल्या दोन बायका गाठ, त्यांना पुढे बसव. बाकीचे त्यांचं ऐकतात."

भाचीने ते ऐकून घेतलं. आत्याने सही केली, चष्मा काढला आणि चाफ्याची पाटी पुढे ओढली.