वाचताना गाळलेला भाग

आमच्या कर्वेनगरच्या लायब्ररीत कादंबरी निवडायची एक पद्धत होती. ती कुणी कुणाला शिकवली नव्हती, पण सगळ्या बायकांना यायची. पुस्तक कपाटातून काढायचं, तळहातावर उभं धरायचं आणि पानं सैल सोडायची. जे पान बायकांनी पुन्हा पुन्हा वाचलं असेल, तिथेच ते आपोआप उघडायचं. मग भाजी निवडत असल्यासारखा चेहरा ठेवून चार ओळी वाचायच्या आणि पुस्तक काउंटरवर न्यायचं. तिथले काका शिक्का मारता मारता म्हणायचे, "परवाच परत आलंय हे. फार अभ्यास चाललाय तुमच्या सोसायटीत." आपण ऐकू न आल्यासारखं करायचं.

मी त्या पानांसाठीच वाचायचे. आता साठी जवळ आली, कुणाची भीडभाड ठेवू? पुरुषांना वाटतं, बायका असलं वाचतात म्हणजे त्यांना 'तसलं' हवं असतं. तसलं तर चार ओळींत उरकलेलं असायचं. मला हवं असायचं त्याच्या आधीचं दीड पान. एका कादंबरीतली नायिका आजारी माणसाची उसाभर करून माहेराहून परत येते. केसांचा नुसता गुंता झालेला. नवरा तिच्या मागे बसतो, वेणी सोडतो आणि एकेक गुंता बोटांनी मोकळा करत दर वेळी विचारतो, "दुखतंय?" ती नाही म्हणते आणि रडायला लागते. एवढंच. ती कादंबरी मी कितीदा तरी घरी आणली.

माझं लग्न झालं तेव्हा नवरा भोसरीच्या एका कारखान्यात होता आणि आम्ही बिबवेवाडीत दोन खोल्यांत राहायचो. मग त्याने कॉम्प्युटरचा कोर्स केला, सॉफ्टवेअर कंपनीत लागला आणि बघता बघता कर्वेनगरला फ्लॅट झाला, दाराशी गाडी आली. सासूबाईंना स्वतंत्र खोली मिळाली. लोक म्हणायचे, नशीब काढलंस. नवरा वाईट नव्हता, हेच तर माझं दुखणं होतं. हात उगारला नाही, दारू नाही, बाहेर भानगड नाही. तक्रार करायची तर कोणत्या तोंडाने? तो अमेरिकेच्या घड्याळावर जगायचा. घरी असायचा तेव्हा कानाला फोन, नाहीतर उशीला डोकं. एकदा मी हिय्या करून विचारलं, "तुला माझ्याशी कधी बोलावंसं वाटत नाही का रे?" त्याने लॅपटॉपवरून मान वर केली. "बोल ना. अजेंडा काय आहे?" टोमणा नव्हता तो, खरंच विचारत होता. त्यानंतर मी विचारणं सोडून दिलं.

अशात सासूबाईंचे डोळे गेले. साखरेने पडदा खराब झाला आणि डॉक्टरांनी हात टेकले. घरात सगळ्यांच्या आधी पेपर वाचणारी बाई, तिला दिवस खायला उठायचा. मी शिकवायचे ती शाळा सकाळची, म्हणून मी म्हटलं, दुपारी वाचून दाखवत जाईन. पहिल्या दिवशी पोथी घेऊन बसले.

"ती ठेव देवापाशी," त्या म्हणाल्या. "पाठ आहे मला. कादंबरी आण."

"कोणती, आई?"

"ती वेणीवाली."

मी पोथी घेऊन उठत होते, ती पुन्हा खाली बसले. त्या शांतपणे म्हणाल्या, "तू शाळेत गेलीस की मी वाचायचे. तुझी खूण असेल तिथेच परत ठेवायचे. सगळ्या वाचल्यात मी."

दुसऱ्या दिवशी मी कादंबरी आणली. शाळेतल्यासारखं खणखणीत वाचत गेले. ते पान आलं. सासूसमोर कसलं वाचायचं हे? मी दोन पानं एकदम उलटली आणि म्हटलं, "मग ती दोघं बराच वेळ बोलत बसली."

"मास्तरीण ना तू? धडा गाळलास."

"तिथे विशेष काही नाहीये, आई."

"विशेष नाही म्हणून पुस्तक तिथेच उघडतं का?"

मग मी वाचलं. संथ, एकही शब्द न वगळता. 'दुखतंय?' हा शब्द माझ्याच तोंडून आमच्या घरात मी पहिल्यांदा ऐकला आणि आयुष्य फुकट गेल्याची अशी काही खात्री पटली की पुढच्या ओळी दिसेनात. आई खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या.

"असं खरंच असतं का गं कुठे?"

मी पुस्तक मांडीवर टेकवलं.

"आमच्या वेळी घर माणसांनी भरलेलं. ह्यांनी माझं तोंड तरी नीट पाहिलं होतं की नाही, शंका आहे. पोरगा पहिलीत असताना ते गेलेच. मी म्हटलं, असू दे, आपल्या वाट्याला नव्हतं. दुसऱ्यांच्या घरी पोळ्या लाटल्या, त्याला शिकवला. शिकलेली सून आणली. दार लावून घेता येईल अशी खोली झाली तुम्हाला. मला वाटायचं, माझ्या घरात कुणाच्या तरी वाट्याला हे येईल. त्याच आशेवर रेटलं सगळं." त्या माझ्याकडे वळल्या. "सांग ना. तुमचं असतं ना असं?"

त्यांना दिसत नव्हतं, म्हणून चेहरा सावरायची गरज नव्हती. फक्त आवाज सावरला की झालं.

"असतं की, आई," मी म्हटलं. "आमचं असतं."

त्या हसल्या नाहीत. पदराने डोळे पुसले आणि अगदी हळू बोलल्या.

"डोळे गेलेत माझे, कान शाबूत आहेत. आपल्या दोन खोल्यांमधे एकच भिंत आहे. एवढ्या वर्षांत तिकडून कधी हसणं ऐकलं नाही, भांडणसुद्धा नाही. दिव्याचं बटण वाजतं, की झोपलात तुम्ही."

मी मांडीवरचं पुस्तक मिटलं.

"कधी परत करायचंय हे?" त्यांनी विचारलं.

"शनिवारी."

"उद्याच देऊन टाक. दुसरं आणू नकोस," त्या म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या.