सून, दीर आणि सासू

मंगळवेढ्याकडं आमचं रान होतं, ज्वारीचं. एखाद्या वर्षी घरी खाण्यापुरतं यायचं, एखाद्या वर्षी पेरलेलं रानातच राहायचं. वडील गेले तेव्हा मी दुसरीत होते. काका, म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, आधीच सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर कामाला होते. ते आम्हाला घेऊन आले. एक खोली, मधे जुन्या साडीचा पडदा. अलीकडं काकांचा संसार, पलीकडं मी आणि आई. आई त्याच कारखान्यात टॉवेलच्या कडा शिवायला लागली. संध्याकाळी घरी यायची ती केसांत, भुवयांवर कापसाचे तंतू घेऊन. तोंड धू म्हटलं की म्हणायची, "बसू दे गं जरा." आणि बसल्या बसल्या तिचा डोळा लागायचा.

मी बी. ए. झाले तेव्हा काकांनी कारखान्यात पेढे वाटले. लगेच स्थळं बघायलाही लागले. मी हट्टानं एम. ए.ला नाव घातलं.

तिथं भाषाशास्त्राच्या तासाला सरांनी एकदा फळ्यावर घरचेच शब्द लिहिले. आपली 'सून' म्हणजे संस्कृत 'स्नुषा', लॅटिनमधे 'नुरुस', रशियनमधे 'स्नोखा'. आपला 'दीर' म्हणजे 'देवर', लॅटिनमधे 'लेविर'. सासूचंही तसंच. ही सगळी एका जुन्या भाषेची लेकरं. इंग्रजीतही सुनेला असा शब्द होता, तो इंग्रजांनी टाकला आणि सगळ्यांना एका 'इन-लॉ'च्या दावणीला बांधलं. मग सर म्हणाले, अशा दूरदूरच्या भाषांत सापडतात ते शब्द बहुतेक नवऱ्याकडच्या नात्यांचे. बायकोकडच्यांचे फारसे नाहीत. त्यावरून अभ्यासकांना वाटतं, त्या काळीही मुलगीच घर सोडून जात असावी.

मी पुढं लिहून घ्यायची थांबले. माझी आई सासरच्या कुणाचं नाव घेत नाही. सासऱ्याच्या नावात एक वार होता, म्हणून तो वारही तिला वर्ज्य. ती 'बाजाराचा आदला दिवस' म्हणते. तो बाजार गावाकडं राहिला, सासरे कधीच गेले, तरी त्या वाराला तिच्याकडं दुसरा शब्द नाही. नावं नाहीत, त्यामुळं तिच्या बोलण्यात सगळी माणसं नुसती दीर, सासू, जाऊ, नणंद. मी ठरवलं, लघुप्रबंध ह्याच शब्दांवर करायचा.

आईला सांगितलं तेव्हा ती ज्वारी निवडत होती.

"रशियात बी सुना हायत?"

"हायत की."

"आन् सासवा?"

"त्याबी."

"म्हंजी तवापासनं पोरीच जात्यात व्हय दुसऱ्याच्या घरी." मग विचारलं, "नणंद?"

"तिचा पत्ता लागत नाही कुठं."

"ती कवा कुनाला घावली," म्हणाली आणि पुन्हा सुपाकडं वळली.

लघुप्रबंध अर्धा झाला होता आणि अक्कलकोटकडचं स्थळ आलं. मुलाचं दुकान होतं, माणसं बरी होती. त्यांना लग्न उन्हाळ्यातच हवं होतं, आणि नंतर शिकायचं नाही हे त्यांनी चहा पितानाच सांगून टाकलं. ते गेल्यावर काका म्हणाले, "चांगलं स्थळ हाय. आता माझ्यानं पळापळ हुईत न्हाय." काका वाईट नव्हते. मागापाशी उभं राहून राहून त्यांच्या पायांच्या शिरा टरारल्या होत्या. त्यांना एक काम संपवायचं होतं, आणि ते काम मी होते.

पडद्याआडून आई बोलली. दिराशी ती तशीच बोलायची, पडद्याआडून, तेही 'व्हय' नाहीतर 'बरं' एवढंच.

"भावजी, सासर हजारो वर्सं हाय म्हनं. रशियात बी हाय. येवढी वर्सं थांबलंय, तर पोरीचं लिव्हून होस्तवर थांबंल की."

काका पडद्याकडं बघत राहिले. "वैनी, रशियाचं कुनी सांगितलं तुमाला?"

"तुमच्याच पुतनीनं."

काकांना हसू आलं. आई हसली नाही.

"पाव्हनं थांबायचे न्हाईत, वैनी."

"मग जाऊ द्या. चा पिऊन गेल्यात न्हवं."

काकांनी सुस्कारा टाकला आणि पाय लांब करून पडून राहिले. त्यांनी हो म्हटलं नाही. पण पाहुण्यांना फोन केला, तो नाही सांगायला. पुढं कित्येक दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले. एकदा कामावरून आले आणि सायकल भिंतीला लावता लावता विचारलं, "किती ऱ्हायलं तुझं?"

"टायपिंग," मी म्हटलं.

"आवर मग."

नंतर माझं लग्न झालं. मीही सून झाले. सासरी कॉलेजची नोकरी, स्वयंपाक आणि पाहुणे हे सगळं करते, आणि संध्याकाळी मलाही बसू दे जरा असं होतं. तरी एवढं सांगते: त्या वर्षी मी लघुप्रबंध दिला आणि पहिल्या वर्गात एम. ए. झाले. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं.