अभनपूरपर्यंतचं आख्यान

पूर्णिमा चिंचोळकरला कीर्तनकार व्हायचंय, हे कळल्यावर रायपूरच्या चौबे कॉलनीतल्या निम्म्या लोकांना हसू आलं आणि उरलेल्यांना तिची काळजी वाटली. हसण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. काळजी मात्र खरी होती, कारण या बाईला श्वास घ्यायला फुरसत नव्हती.

नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झाली, तेव्हा शहरभर फटाके फुटले. पण राजधानी होणं म्हणजे काय, ते त्या वर्षांतल्या सरकारी कारकुनांना विचारावं. भोपाळहून फायली आल्या, माणसं काही तितकी आली नाहीत. पूर्णिमा अभनपूरच्या सिंचन कार्यालयात होती. आजूबाजूच्या खुर्च्या रिकाम्या आणि त्या खुर्च्यांचं काम हिच्या टेबलावर. आज मंत्र्यांचा दौरा, तर उद्या विधानसभेतल्या प्रश्नाचं उत्तर. घरी नवरा चारुदत्त रेल्वेत, त्याच्या ड्युटीचा काही नेम नाही. मुलगी श्रावणी दहावीत. तिच्याशी मराठीत बोलावं तर उत्तर हिंदीत यायचं.

चारुदत्त मनाचा भला. पण भल्या माणसांचे सल्लेच जास्त बोचतात.

"रिटायर झाल्यावर कर ना कीर्तन," तो म्हणायचा. "आत्ताच काहून जीव काढून राहिली?"

"रिटायर झाल्यावर दोन तास उभे राहतील काय माहे गुडघे?" ती कणीक मळता मळता विचारायची.

तिचे गुरू यज्ञेश्वरबुवा. भोसल्यांच्या काळापासून रायपुरात स्थिरावलेलं घराणं, वय पंच्याहत्तरीच्या पुढं आणि जीभ कातरीसारखी. त्यांनी स्वतः रचलेलं एक आख्यान ते तिला शिकवत होते. महानदीला पूर आलाय, पैलतीरावर उत्सव खोळंबलाय आणि नावाड्याच्या पोरीला देवाची पालखी होडीतून पलीकडे न्यायचीय, अशी ती कथा. पूर्णिमा रविवारी जमेल तसा तासभर काढून जायची. बुवा एक तुकडा ऐकायचे, चुका काढायचे आणि उरलेलं पुढच्या रविवारवर ढकलायचे. "एकदा घरी उभ्यानं सगळं म्हणत जा," असं ते बजावायचे. ती "हो" म्हणायची. घरी उभ्यानं ती फक्त पोळ्या लाटायची.

मग सराव कुठे? तर अभनपूरला जाणाऱ्या छोट्या लाइनच्या, म्हणजे नॅरोगेजच्या, गाडीत. ती गाडी इतकी निवांत की आतल्या माणसाला आपणच उतरून ढकलावी असं वाटे. पूर्णिमाला मात्र तिचा हा आळशीपणा वरदान वाटायचा. खिडकीशी बसून, मांडीवर ताल धरून, ती भर डब्यात आख्यान म्हणायची. सुरुवातीला लोक टकमक पाहायचे. मग सवय झाली. समोर रोज सुकवारो बसायची. रायपूरच्याच एका पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, राहणारी, अभनपूरच्या बाजारात बांगड्या विकणारी छत्तीसगढी बाई. मराठी तिला अर्धंमुर्धं कळे, पण टोपली पायाशी ठेवून ती डोळे न हलवता ऐकायची. होडी मधल्या धारेत यायची, नावेचा दोर तुटायचा आणि नेमकं अभनपूर यायचं. दोघी उतरून आपापल्या कामाला पळायच्या. परतीच्या गाडीत पूर्णिमा कीर्तनाचा पहिला भाग, निरूपणाचा, घोकायची. कथेचा शेवट तिला पाठ होता, पण तो मनातल्या मनातच. तुकडे सगळे आहेत म्हणजे अख्खं कीर्तन आहे, असा तिचा हिशेब होता.

एके दिवशी बुवांनी फर्मावलं, "दत्तजयंतीला कॉलनीच्या मंदिरात तू उभं राहायचं. हाती कागद नाही, मध्ये बसणं नाही. निभावलंस तर पुढं शिकवीन. नाही निभावलंस तर नोकरी कर, संसार कर, माझा वेळ घालवू नकोस. माझ्याकडे आता फार उरला नाही."

ती घाबरली. पण दुसऱ्या दिवशी गाडीत तिनं पहिलं काम केलं ते सुकवारोला आमंत्रण देण्याचं.

दत्तजयंतीच्या दुपारी साहेबांनी विधानसभेची एक फाइल पुढं सरकवली. "मॅडम, इसे करके ही जाइएगा." आजवर ती अशा वेळी खाली मान घालून बसायची. त्या दिवशी उभी राहिली. "सर, आज नहीं. कल सुबह सबसे पहले यही करूँगी." साहेब इतके चकित झाले की रागवायचंच विसरले.

मंदिर भरलं होतं. पहिला भाग छान रंगला. मध्यंतरी तिला बुका लावला, हार घातला, तबलजी खुशीत आला. पूर्णिमाच्या आवाजाला धार चढली. उत्तररंगात, म्हणजे कथेच्या भागात, पूर आला, पालखी होडीत चढली, होडी मधल्या धारेत आली, दोर तुटला.

आणि पूर्णिमा थांबली.

पाठ केलेलं सगळं डोक्यात होतं, पण जीभ हलेना. वर्षभर या ओळीशी ती पिशवी उचलून उतरली होती. तबलजीनं दोन आवर्तनं भरून काढली, पेटीवाल्यानं सूर धरून ठेवला. पुढल्या रांगेत यज्ञेश्वरबुवांनी डोळे मिटून घेतले. श्रावणी आईकडे पाहून कुजबुजली, "मम्मी, प्लीज." संपलं सगळं, असं पूर्णिमाला वाटलं.

तेवढ्यात मागून, बायकांच्या गर्दीतून, खणखणीत आवाज आला. "फेर का होइस, दीदी? डोंगा बुड़गे का?"

सुकवारो उभी राहिली होती. वर्षभर ती होडी मधल्या धारेतच ठेवून बाजारात गेलेली बाई! सगळं मंदिर हसलं. पूर्णिमाही हसली, आणि तिची जीभ सुटली.

"नाही बुडाली, बाई!" ती म्हणाली. घोकलेले शब्द तिनं शोधलेच नाहीत. "होडीतले सगळे देवाले हाका मारून राहिले होते. पोरगी ओरडली, अरे, देव बसलाय पालखीत! तो काय वल्हवणार? वल्हं माह्या हातात हाये!" मराठी, हिंदी, मध्येच छत्तीसगढी, जे तोंडाला आलं त्यात तिनं ती होडी ओढून नेली. होडी ठरल्या घाटावर लागलीच नाही. लागली चार कोस खाली, जिथं कोणी वाट पाहत नव्हतं, आणि देवाचा उत्सव त्या वर्षी तिथंच झाला. शेवटचा गजर झाला तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण अजून उभ्याच आहोत.

लोक पायांवर डोकं ठेवायला येऊ लागले. बुवा काठी टेकत पुढं आले. मिश्र भाषेवरून आता तासणार, म्हणून ती मान खाली घालून तयार राहिली. त्यांनी काठी चारुदत्तच्या हाती दिली आणि सावकाश वाकले. ती दचकून मागे सरकली.

"मागे काहून सरतेस?" बुवा वाकल्या वाकल्याच खेकसले. "मी तुझ्या नाही, कीर्तनाच्या गादीच्या पाया पडून राहिलो. तिच्यावर उभी कोण आहे ते बघ आणि नीट उभी राहा."

ती उभी राहिली. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, ते तिनं पुसलं नाही.