दारांवरची अक्षरं

मुलांनो, हे आत्ताच लिहून ठेवते आहे. आपल्या सोलापुरातली ती जुनी सरकारी इमारत दुरुस्त करून लोकांना बघायला खुली केली आहे, आणि तिथलं जे मला ओळखता येतं ते माझ्यामागे कोणाला ओळखता येणार नाही.

माझे वडील, म्हणजे तुमचे पणजोबा, पाट्या रंगवायचे. त्या इमारतीत दारांच्या वरच्या फळीवर खोल्यांची नावं त्यांनीच लिहिली होती. ओळ सरळ यावी म्हणून मी सुताचं एक टोक धरून उभी राहायचे. त्यांच्या हातचं दुसरं काहीही आपल्याकडे नाही, साधं पत्रसुद्धा नाही.

परवा ती बघायला गेले, तेव्हा आठवतील ती सात दारं मी कागदावर मांडून नेली होती. खालची चारही गुळगुळीत तपकिरी निघाली, वर नव्या पितळी पाट्या. चौथी फुली मारताना पेन कागदातून आरपार गेलं.

जिन्याशी सुरक्षारक्षक बाई उभी होती.

"आजी, वर आता न्हाय सोडत. पाचला बंद हाय."

"अजून पावणेपाचच झालेत."

"तुमी चढंस्तवर पाच वाजत्यात की!"

मी वडिलांचं सांगितलं. तिने माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं. "चला. पण भिंतीवर नाव-बिव लिवायचं न्हाय."

"या वयात?"

"तरणी पोरं बदाम काढत्यात, म्हातारी माणसं देवाचं नाव लिवत्यात. पुसाय मीच!"

वरची दोन दारंही तशीच. सातवं सापडेना, म्हणून बाईला विचारलं. खाली बंद करायची शिट्टी वाजली.

"त्या कोपऱ्यातलं व्हय? तितं आमचे झाडू असत्यात," म्हणत तिने कुलूप काढलं. वरची फळी कोरी होती. मी सातवी फुली मारली आणि वळले.

"आता आलाच हाय तर आत बघा की," ती म्हणाली. दिव्याचं बटण दारामागे होतं, म्हणून तिने दार पुढे ओढलं, तेव्हा त्याची मागची बाजू दिसली. निळे, लाल, पांढरे फटकारे, एकावर एक चढलेले. कुंचला धुण्याआधी उरलेला रंग वडील इथे पुसायचे. भिंतीला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम. मी हे साफ विसरले होते.

"हे घासायचं ऱ्हाऊनच गेलं," बाई म्हणाली.

"राहू दे गं," मी म्हणाले. पुन्हा शिट्टी वाजली आणि तिने दिवा मालवला.

अक्षर एकही उरलेलं नाही. वरच्या मजल्यावर, झाडूंच्या खोलीच्या दारामागे, त्यांच्या कुंचल्याचे फटकारे अजून आहेत.